कर्करोगाचीं औषधें आणि देशोदेशींच्या किंमती

एका गांवांत तांदूळ स्वस्त आणि दुसऱ्या गांवांत महाग असला, तर त्याचें कारण शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. पीक कोठें आलें, वाहतुकीस किती खर्च पडला, जकात किती बसली आणि मध्यस्थानें किती नफा काढला, एवढ्या चार गोष्टी कळल्या कीं हिशेब जुळतो. औषधाच्या गोळीचा हिशेब मात्र या रीतीनें जुळत नाहीं. महिनाभराच्या गोळ्या एका लहानशा डबींत मावतात. त्या जगाच्या एका टोंकाहून दुसऱ्या टोंकास नेण्याचा खर्च नगण्यच होय. असें असतां एकाच कंपनीची, एकाच नांवाची गोळी एका देशांत ज्या किंमतीस मिळते तिच्या कित्येक पट किंमत दुसऱ्या देशांतील रोग्यास मोजावी लागते. कर्करोगाच्या औषधांच्या बाबतींत हा फरक सर्वांत ठळक दिसतो. आणि ज्या घरांत हा रोग शिरतो त्या घराच्या दृष्टीनें तो केवळ अर्थशास्त्राचा विषय राहत नाहीं. राहतें घर ठेवावयाचें कीं विकावयाचें, उपचार चालू ठेवावयाचे कीं थांबवावयाचे, हे निर्णय त्याच आंकड्यावर अवलंबून असतात.

या विषयाचें सर्वांत बोधक उदाहरण म्हणजे इमॅटिनिब हें औषध होय. स्वित्झर्लंडमधील नोव्हार्टिस कंपनीनें तें ग्लिव्हेक या नांवानें बाजारांत आणलें. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया नांवाचा रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार आहे. त्यांत पेशींतील नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची आपसांत अदलाबदल होऊन एक विकृत प्रथिन निर्माण होतें, आणि तें प्रथिन पांढऱ्या पेशींना अखंड वाढत राहण्याची जणूं आज्ञाच देत राहतें. इमॅटिनिब नेमकें त्या प्रथिनाच्या ठायीं जाऊन बसतें आणि ती आज्ञा बंद पाडतें. २००१ सालच्या मे महिन्यांत अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली. तत्पूर्वीं अशा रोग्यांस अस्थिमज्जेचें रोपण किंवा इंटरफेरॉनचीं त्रासदायक इंजेक्शनें यांपलीकडे फारसा मार्ग नव्हता. तदनंतर याच रोगाचे बहुसंख्य रोगी रोज गोळी घेऊन पूर्वींप्रमाणें कामधंदा करूं लागले. वैद्यकाच्या इतिहासांत असे प्रसंग थोडे आहेत.

परंतु येथेंच एक मेख आहे. हा रोग बहुधा समूळ जात नाहीं. तो ताब्यांत राहतो, आणि तो ताब्यांत ठेवण्यासाठीं बहुतेकांना ती गोळी वर्षानुवर्षें घ्यावी लागते. म्हणजे तिची किंमत ही एकदां देऊन मोकळें होण्याची रक्कम नसून घरभाड्याप्रमाणें दर महिन्यास उभी राहणारी रक्कम असते. अमेरिकेंत २००१ सालीं एका रोग्याच्या एका वर्षाच्या औषधाची किंमत जवळजवळ ३०,००० डॉलर होती. २०१२ सालीं तीच किंमत ९२,००० डॉलरांवर गेली. या अकरा वर्षांत गोळीच्या रसायनांत तिळमात्र बदल झाला नव्हता. उलट रोगी अधिक काळ जगूं लागल्यामुळें गिऱ्हाइकें वाढलीं होतीं. सामान्य व्यापारांत खप वाढला कीं भाव उतरतो. येथें तो तिपटीनें चढला. २०१३ सालीं या रोगाच्या शंभराहून अधिक तज्ज्ञांनीं ‘ब्लड’ या वैद्यकीय नियतकालिकांत एकत्र लेख लिहून या भावांचा उघड निषेध केला. औषध कंपन्यांच्या साहाय्यानें संशोधन करणाऱ्या डॉक्टरांनीं असें करावें, ही गोष्ट लहान नव्हे.

त्याच सुमारास भारतांत ग्लिव्हेकची किंमत महिन्यास सुमारें १,२०,००० रुपये होती, आणि भारतीय कंपन्यांचें तेंच औषध ८,००० ते १०,००० रुपयांस मिळत होतें. एकाच शहरांतील एकाच दुकानांत हा बारापट फरक कसा पडला, हें समजण्यासाठीं कायद्याच्या इतिहासांत थोडें शिरावें लागतें.

इंग्रजी अमदानींतील १९११ च्या कायद्यानें औषधी पदार्थावरच पेटंट मिळत असे. म्हणजे एखाद्या कंपनीनें एक द्रव्य शोधलें कीं तें द्रव्य दुसऱ्या कोणीं कोणत्याही रीतीनें तयार केलें तरी तो गुन्हा ठरे. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ति राजगोपाल अय्यंगार यांच्या समितीनें १९५९ सालीं या व्यवस्थेची कसून चौकशी केली, आणि तिच्या आधारें १९७० चा पेटंट कायदा तयार झाला. त्यानें औषधाच्या द्रव्यावरील पेटंट काढून टाकून केवळ तें तयार करण्याच्या कृतीवर पेटंट ठेवलें. दुसरी कृति शोधून काढणारास मग तेंच औषध विकण्याची मुभा मिळाली. मुंबई, अहमदाबाद, हैदराबाद या शहरांतील औषधनिर्मितीचा धंदा या एका बदलावर वाढला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. पुढें जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ च्या करारामुळें भारतास आपला कायदा बदलणें भाग पडलें, आणि २००५ पासून द्रव्यावरील पेटंट पुनः सुरू झालें. पण तें देतांना संसदेनें कलम ३ मधील ‘घ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपकलमांत एक अट घातली. जुन्याच द्रव्याचें नवें रूप काढलें तर रोग बरा करण्याची त्याची शक्ति जुन्याहून लक्षणीय वाढली असेल तरच त्यास पेटंट मिळेल, एरव्हीं नाहीं. गुळाची ढेप फोडून त्याची भुकटी केली, ती हाताळण्यास सोपी झाली, साठविण्यास सोयीची झाली, तरी गोडी तीच राहिली, तर नवा शोध लागला असें म्हणतां येत नाहीं. कलमाचा मथितार्थ हाच.

नोव्हार्टिसनें १९९८ सालीं चेन्नई येथें जो अर्ज केला होता तो इमॅटिनिबच्या मूळ रेणूवर नसून त्याच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर होता. २००६ च्या जानेवारींत पेटंट कार्यालयानें तो नाकारला. मद्रास उच्च न्यायालय, मग अपील मंडळ, असें करीत वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १ एप्रिल २०१३ रोजीं न्यायमूर्ति आफताब आलम व न्यायमूर्ति रंजना देसाई यांनीं कंपनीचें अपील फेटाळलें. नवें स्फटिकरूप शरीरांत अधिक शोषलें जातें, असें कंपनीचें म्हणणें होतें. त्यावर न्यायालयानें असा भेद केला कीं, शोषण वाढणें ही एक गोष्ट आणि रोगावरील गुण वाढणें ही दुसरी; पहिली सिद्ध झाल्यानें दुसरी आपोआप सिद्ध होत नाहीं. कंपनीची बाजूही नमूद केली पाहिजे. भारतांतील सुमारें १६,००० रोग्यांस, म्हणजे ग्लिव्हेक घेणाऱ्यांपैकीं बहुतेकांस, हें औषध विनामूल्य दिलें जातें, असें तिनें त्या वेळीं सांगितलें होतें. ही मदत खरी होती. पण ज्याला ती मिळत नव्हती त्याच्यापुढें १,२०,००० रुपये किंवा ८,००० रुपये हाच प्रश्न होता, आणि दान हें देणाराच्या मर्जीवर चालतें, कायद्याचा हक्क तसा चालत नाहीं.

या कथेला पुढें एक चमत्कारिक वळण लागलें. अमेरिकेंतील पेटंटची मुदत संपल्यावर २०१६ च्या फेब्रुवारींत तेथें पहिलें पर्यायी इमॅटिनिब आणलें तें मुंबईच्या सन फार्मा कंपनीनें. अमेरिकन कायद्यानें पहिल्या पर्यायी उत्पादकास १८० दिवस एकट्यानें विकण्याची सवलत मिळते. त्या काळांत किंमत लोकांच्या अपेक्षेइतकी उतरली नाहीं. म्हणजे औषधाचा भाव कारखाना कोठें आहे यावरून ठरत नसून बाजारांत किती विक्रेते आहेत यावरून ठरतो, हें यावरून उघड होतें.

पेटंट मिळालेलें असूनही किंमत उतरविण्याचा दुसरा एक मार्ग आहे, आणि त्याचा भारतांतील पहिला प्रयोग मुंबईंतच झाला. जर्मनीच्या बायर कंपनीचें सोराफेनिब हें औषध यकृत आणि मूत्रपिंड यांच्या पुढें गेलेल्या कर्करोगावर देतात. त्यानें रोग बरा होत नाहीं, परंतु आयुष्य कांहीं काळ लांबतें. नेक्साव्हार या नांवाच्या त्याच्या महिनाभराच्या १२० गोळ्यांची किंमत २,८०,४२८ रुपये होती. हैदराबादच्या नॅटको कंपनीनें तेंच औषध ८,८८० रुपयांच्या आंत देण्याची तयारी दाखवून सक्तीच्या परवान्यासाठीं अर्ज केला. पेटंट कायद्याच्या ८४ व्या कलमाप्रमाणें तीन प्रश्न पाहावयाचे असतात: लोकांची वाजवी गरज भागते काय, किंमत लोकांच्या आवाक्यांतील आहे काय, आणि पेटंटधारक त्या शोधाचा भारतांत उपयोग करतो काय. मार्च २०१२ मध्यें पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनीं या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें बायरच्या विरुद्ध दिलीं. ज्यांस औषधाची गरज होती अशांपैकीं शेंकडा दोनांच्या आसपास रोग्यांपर्यंतच तें पोंचत होतें, ही गोष्ट त्या निर्णयांत निर्णायक ठरली. नॅटकोनें विक्रीच्या ६ टक्के रक्कम बायरला द्यावी असें ठरलें. अपिलांत ती ७ टक्के झाली. २०१४ च्या जुलै महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयानें निर्णय कायम केला आणि डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें त्यांत हात घालण्याचें नाकारलें. मध्यंतरीं मुंबईच्या सिप्ला कंपनीनें तर २०१२ सालींच आपल्या सोराफेनिबचा भाव ६,८४० रुपयांवर आणला होता.

अडीच लाखांहून अधिक आणि सात हजारांहून कमी. द्रव्य एक, शहर एक, वर्ष एक. तथापि या परवान्याचा मार्ग मोकळा झाला असें कोणी समजूं नये. पुढच्याच वर्षीं डॅसॅटिनिब या औषधासाठीं आलेला अर्ज मुंबईच्याच कार्यालयानें फेटाळला. थायलंडनें मात्र याआधींच, २००८ च्या जानेवारींत, डोसिटॅक्सेल, लेट्रोझोल व एर्लोटिनिब या कर्करोगाच्या औषधांसाठीं सरकारी उपयोगाचे परवाने काढले होते, आणि त्याबद्दल मोठ्या राष्ट्रांची व कंपन्यांची नाराजी पत्करली होती.

आतां श्रीमंत देशांकडे पाहूं जातां तेथें निराळेंच चित्र दिसतें. तेथें पेटंट सर्वत्र मान्य आहे, उत्पादक एकच आहे, आणि तरीही किंमती भिन्न आहेत. कारण तेथें गिऱ्हाईक निराळें आहे. भारतांत बहुधा रोगी किंवा त्याचा मुलगा दुकानदारासमोर एकटा उभा असतो. इंग्लंडांत त्याच्या जागीं सबंध राष्ट्राची आरोग्यसेवा उभी असते.

१९९९ सालीं इंग्लंडांत स्थापन झालेली ‘नाइस’ ही संस्था प्रत्येक नव्या औषधास एक रोखठोक प्रश्न विचारते. या औषधानें रोग्यास चांगल्या प्रकृतीचें एक वर्ष अधिक मिळण्यासाठीं सरकारी तिजोरींतून किती पौंड जातील? दीर्घकाळ ही मर्यादा २०,००० ते ३०,००० पौंड अशी धरली जात असे, मरणोन्मुख रोग्यांच्या औषधांस कांहीं सवलत मिळे. आयुष्याचें असें मोल करणें अनेकांस निर्दयपणाचें वाटतें. पण पैसा मर्यादित असेल तर एका औषधावर उधळलेली रक्कम दुसऱ्या कोणाच्या तरी शस्त्रक्रियेंतून किंवा डायलिसिसमधून कापली जाते. तो दुसरा रोगी वृत्तपत्रांत येत नाहीं एवढाच फरक. स्तनाच्या कर्करोगावरील कॅडसायला या औषधाचें उदाहरण बोलकें आहे. एका रोग्यामागें सुमारें ९०,००० पौंड अशी त्याची जाहीर किंमत होती, म्हणून २०१४ सालीं नाइसनें तें नाकारलें. रोगी स्त्रियांनीं व त्यांच्या संस्थांनीं आवाज उठविला. २०१७ सालीं तेंच औषध स्वीकारलें गेलें. मधल्या काळांत औषध बदललें नव्हतें, उत्पादकानें किंमत उतरविली होती. किती उतरविली, तें मात्र करारानें गुप्त ठेवलें गेलें.

ही गुप्तता म्हणजे या सबंध तुलनेंतील सर्वांत मोठी अडचण होय. औषधाला एक किंमत नसते, निदान तीन असतात: जाहीर यादींतली, सरकार किंवा विमा संस्था सूट वजा जातां प्रत्यक्षांत देते ती, आणि रोग्याच्या खिशांतून जाते ती. पुष्कळ देश आपला भाव ठरवितांना शेजारच्या देशांतील भाव पाहतात. म्हणून एका देशास सूट द्यावयाची झाल्यास ती दुसऱ्यास कळूं नये अशी कंपन्यांची धडपड असते, आणि सूट मिळते म्हणून देशही गप्प राहतात. बाजारांत शेजारीण कोणत्या भावानें भाजी घेते हें न कळतां घासाघीस करावयाची, असाच हा प्रकार आहे. २०१६ सालीं ‘लॅन्सेट ऑंकॉलॉजी’ मध्यें युरोपांतील सोळा देश, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील कर्करोगाच्या ३१ औषधांच्या किंमतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त देशांतील अंतर कोठें २८ टक्के, तर कोठें ३८८ टक्के निघालें. पण त्या किंमतीही गुप्त सुटी धरण्यापूर्वींच्या होत्या. खरें अंतर कमी असेल कीं जास्त, हें त्या आंकड्यांवरून सांगतां येत नाहीं.

जर्मनीनें २०११ पासून दुसरी पद्धत स्वीकारली. नवें औषध प्रथम कंपनीनें हव्या त्या किंमतीस विकावें. दरम्यान तें जुन्या उपचारांहून खरोखर अधिक गुणकारी आहे काय याची तपासणी व्हावी. आणि तिच्या निकालावरून पुढील भाव वाटाघाटीनें ठरावा. प्रारंभीं ही मोकळीक एक वर्षाची होती, पुढें ती सहा महिन्यांवर आणली गेली.

जपानची गोष्ट याहून मनोरंजक आहे. तेथें औषधांचे भाव सरकारच ठरवितें. ओसाकाच्या ओनो कंपनीचें ऑप्डिव्हो, म्हणजेच निव्होलुमॅब, हें शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशीं झुंजण्यास मोकळें करणारें औषध २०१४ सालीं तेथें आलें. ज्यांच्या संशोधनांतून तें निघालें त्या तासुकू होंजो यांस २०१८ सालीं नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. प्रारंभीं तें त्वचेच्या एका विरळ कर्करोगापुरतें होतें. वर्षास पांचशेंहून कमी रोगी अपेक्षित होते. थोड्या रोग्यांकडून खर्च भरून काढावयाचा म्हणून १०० मिलिग्रॅमला ७,२९,८४९ येन एवढा मोठा भाव सरकारनें मंजूर केला. परंतु २०१५ च्या डिसेंबरांत फुप्फुसाच्या कर्करोगासाठींही त्यास मान्यता मिळाली आणि रोग्यांची संख्या हजारोंच्या घरांत गेली. भाव मात्र विरळ रोगाचाच राहिला. त्या सुमारास जपानमधील किंमत खुद्द अमेरिकेंतील किंमतीच्या दुपटीहून अधिक होती. सबंध राष्ट्राचा आरोग्यविमा या एका औषधानें वांकेल अशी भीति उघड बोलली जाऊं लागली, तेव्हां नेहमींच्या फेरतपासणीची वाट न पाहतां २०१७ च्या फेब्रुवारींत सरकारनें किंमत एकदम निम्म्यावर आणली, आणि पुढेंही ती उतरत गेली. निम्मी किंमत झाल्यावरही तें औषध जपानांत विकलें जात राहिलें, ही गोष्ट पूर्वींची किंमत खर्चावरून ठरली होती या समजुतीस पोषक नाहीं.

अमेरिका हा या बाबतींत अपवादात्मक देश ठरतो. पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठीं तेथें मेडिकेअर ही प्रचंड सरकारी विमायोजना आहे. पण २००३ च्या कायद्यानें तिच्यांत औषधांचा समावेश करतांनाच कंपन्यांशीं भावाची वाटाघाट करण्यास सरकारला मनाई केली. जगांतील सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकानें भाव करूं नये असा कायदा व्हावा, हें नवलच. ही मनाई २०२२ च्या कायद्यानें अंशतः उठली. वाटाघाटीच्या पहिल्या दहा औषधांत रक्ताच्या कर्करोगावरील इम्ब्रुव्हिका हें होतें. त्याची तीस दिवसांची जाहीर किंमत १४,९३४ डॉलर होती. २०२६ च्या जानेवारीपासून लागू होणारा ठरलेला भाव ९,३१९ डॉलर झाला. याखेरीज २०२५ च्या मे महिन्यांत अमेरिकेच्या अध्यक्षांनीं असा आदेश काढला कीं, इतर संपन्न देशांत जो सर्वांत कमी भाव असेल तोच अमेरिकेस मिळावा. ऐकण्यास हें न्याय्य वाटतें. पण कंपनीला दोन देशांत एकच भाव ठेवणें भाग पडलें तर ती मोठ्या गिऱ्हाइकाचा भाव उतरवील कीं लहानाचा चढवील, हा प्रश्न उरतोच. इतर देशांत भाव वाढविण्याचा अथवा औषध उशिरा पाठविण्याचा मोह तिला होणें स्वाभाविक आहे.

येथपर्यंत डॉलर, पौंड, येन यांचे आंकडे शेजारीं शेजारीं मांडले. पण अशा तुलनेंत एक फसवणूक दडलेली असते. २०१६ सालीं शिकागो येथील कर्करोगतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेंत सात देशांतील २३ औषधांचा अभ्यास मांडला गेला. पेटंट असलेल्या औषधांची महिन्याची मध्यम किंमत अमेरिकेंत ८,६९४ डॉलर, तर भारतांत १,५१५ डॉलर आली. भारत सर्वांत स्वस्त देशांत गणला गेला. परंतु त्याच संशोधकांनीं तीच किंमत त्या त्या देशांतील दरडोई उत्पन्नाशीं, तेथील रुपयाची खरेदीशक्ति धरून, ताडून पाहिली तेव्हां क्रम उलटला. अमेरिकेंत महिन्याचें औषध दरडोई मासिक उत्पन्नाच्या १९२ टक्के, भारतांत ३१३ टक्के! म्हणजे स्वस्त देशांतील स्वस्त औषधच सर्वांत महाग ठरलें. त्यांतही अमेरिकन रोग्याच्या खर्चाचा मोठा वांटा विमा उचलतो. भारतीय रोग्याचा वांटा पुष्कळदां दागिने उचलतात.

कंपन्यांचें उत्तर सर्वपरिचित आहे. एक औषध यशस्वी होतें तेव्हां अनेक फसलेलीं असतात, त्यांचा खर्च यशस्वी औषधानेंच भरून काढावा लागतो, आणि हा नफा नसेल तर उद्यांचें औषध निघणार नाहीं. यांत तथ्य आहेच. परीक्षेंत सहभागी झालेल्या रोग्यांची वर्षानुवर्षें देखरेख, हजारो द्रव्यांची चाळणी, हें कांहीं फुकट होत नाहीं. पण खर्चाच्या वह्या त्या दाखवीत नाहींत, आणि इमॅटिनिबच्या अकरा वर्षांतील तिप्पट वाढीस संशोधनाचा खर्च कारण होता असें म्हणणें कठीण आहे. तो खर्च २००१ सालींच झालेला होता. किंमत खर्चावरून ठरत नसून गिऱ्हाईक किती सोसूं शकेल यावरून ठरते, हाच निष्कर्ष या सर्व उदाहरणांतून अधिक सयुक्तिक वाटतो.

भारतांतील रोग्याच्या दृष्टीनें आणखी एक कप्पा उघडून पाहण्याजोगा आहे, तो म्हणजे कारखाना आणि रोगी यांमधला. डबीवर छापलेली किंमत आणि रुग्णालय किंवा घाऊक व्यापारी उत्पादकास देतो ती रक्कम यांत कित्येक औषधांच्या बाबतींत अनेकपट अंतर असे. २०१९ च्या फेब्रुवारींत राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणानें कर्करोगाच्या ४२ औषधांवर मधल्या नफ्याची ३० टक्के मर्यादा घातली. त्याबरोबर ३९० ब्रँडच्या छापील किंमती उतरल्या. कांहींच्या तर ८७ टक्क्यांपर्यंत. कोणाचा कारखाना बुडाला नाहीं, कोणतें पेटंट मोडलें नाहीं. मधल्या हातांनीं जें घेतलें होतें तेवढेंच कमी झालें. ज्या रोग्यांनीं २०१८ सालीं पूर्ण छापील किंमत मोजली त्यांस हा आंकडा वाचून काय वाटलें असेल, याची कल्पना करणें अवघड नाहीं.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकारानें २०१२ सालीं उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यानें इंग्लंडचाच धडा भारतीय रीतीनें गिरविला. निरनिराळ्या केंद्रांनीं एकेकट्यानें औषधें घेण्याऐवजीं त्यांतील कांहींनीं आपली मागणी एकत्र करून ४० औषधांसाठीं एकच निविदा काढली. सुमारें १,३२० कोटी रुपयांची बचत झाल्याचा हिशेब प्रसिद्ध झाला. दुकानदारासमोर एकट्या उभ्या असलेल्या रोग्याच्या मागें एक लहानसें राष्ट्र येऊन उभें राहिल्यासारखेंच हें झालें. मात्र खाजगी दवाखान्यांत जाणाऱ्या रोग्यास या भावाचा लाभ मिळत नाहीं.

त्याच रुग्णालयाच्या डॉक्टरांनीं किंमतीच्या प्रश्नास एक वेगळ्याच बाजूनें हात घातला आहे. तोंड व घसा यांच्या पुढें गेलेल्या कर्करोगावर निव्होलुमॅब उपयोगी पडतें, पण त्याची नेहमींची मात्रा दर दोन आठवड्यांस २४० मिलिग्रॅम; ती भारतीय रोग्यांपैकीं फारच थोड्यांस परवडते. डॉक्टरांनीं दर तीन आठवड्यांस केवळ २० मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळच्या मात्रेचा बारावा हिस्सा, स्वस्त गोळ्यांच्या जोडीनें देऊन १५१ रोग्यांवर परीक्षा केली. केवळ गोळ्या घेणाऱ्यांपैकीं एक वर्षानंतर १६.३ टक्के रोगी जिवंत होते. अल्प मात्रेची जोड मिळालेल्यांपैकीं ४३.४ टक्के. २०२३ सालीं हे निष्कर्ष अमेरिकेंतील नामांकित नियतकालिकांत छापून आले. पूर्ण मात्रा घेणारा तिसरा गट या परीक्षेंत नव्हता, त्यामुळें अल्प मात्रा पूर्ण मात्रेच्या बरोबरीची आहे असें त्यावरून सिद्ध होत नाहीं; अल्प मात्रा कांहींच न मिळण्यापेक्षां पुष्कळ बरी, एवढेंच सिद्ध होतें. औषध मिलिग्रॅमच्या भावानें विकलें जात असल्यामुळें मात्रा जितकी घटते तितकें बिलही घटतें, आणि त्यामुळेंच अशी परीक्षा करण्यास पैसे पुरविण्याची विकणाऱ्याला फारशी उत्सुकता नसते. ती रुग्णालयांनाच करावी लागते.